चौदा नंबरची खोली

छावणी उठली त्या वर्षी गावाच्या पोटावरच पाय आला. न्हावी, परीट, बेकरीवाला, सायकलवाला, सगळ्यांच्या चुली त्या फाटकाच्या आतल्या माणसांवर पेटायच्या. मी स्वतः एकतीस वर्षं आत शिवणकाम केलं. गणवेशाची बटणं, खांद्यावरच्या पट्ट्या, चादरी, पडदे. सकाळच्या भोंग्याला आम्ही तीस बायका ओळखपत्रं दाखवून आत जायचो आणि संध्याकाळच्या भोंग्याला बाहेर यायचो. आत जे पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही, असा दंडक होता. खरं तर बोलण्यासारखं काही नसायचंच. एका कर्नलसाहेबांची पँट दर सहा महिन्यांनी कमरेत सैल करावी लागायची, एवढंच काय ते लष्करी गुपित.

पुढे नऊ वर्षं भिंतीआड नुसतं गवत वाढलं. मग जागा नगरपालिकेकडे आली आणि कामं सुरू झाली. जवानांच्या बराकींची घरं होणार, कवायतीच्या मैदानावर बाजार आणि बाग, भोजनगृहात दवाखाना, आणि बाकीच्या इमारती गावातल्या कारागिरांना. ज्याला जी हवी तिचा नंबर अर्जात लिहायचा.

आमच्या सूनबाईला जागा हवीच होती. स्वयंपाकघरात एका टेबलावर ती शिवायची. जेवायची वेळ झाली की मशीन उचलून खाली ठेवायची. शेजारच्या चौघीजणी तिच्याबरोबर काम करायला तयार होत्या. एका शाळेने दोनशे गणवेशांचं काम देऊ केलं होतं, पण अट अशी की कापायला मोठं टेबल आणि धड जागा दाखवा.

"आई, तुमची ती शिवणखोली कशी होती हो?" तिने विचारलं.

"उत्तरेला आठ मोठ्या खिडक्या. काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा, असा उजेड."

"आणि नंबर?"

"चौदा." झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं.

तिने चौदा लिहिलं. दोन महिन्यांनी यादीत तिचं नाव लागलं. किल्ली घ्यायला आम्ही दोघी गेलो. कारकून आम्हाला शिवणखोलीच्या वाटेने न नेता उलट दिशेला, मातीच्या उंच बांधामागे घेऊन गेला. तिथे हातभर जाड भिंतींचं एक बसकं कोठार होतं. दारूगोळ्याचं. त्याने कुलूप उघडलं. आत काळोख आणि कुबट वास. खिडकी औषधालाही नव्हती.

सूनबाई दारातच थांबली. "आई, त्यातली एक तरी दाखवा मला. आठ राहू द्या."

"अहो, ही चौदा नव्हे," मी कारकुनाला म्हटलं.

"अर्जात चौदा, नकाशात चौदा, किल्लीवर चौदा," तो म्हणाला. "आता मी आणखी काय करू, सांगा."

मी तिला हाताला धरून खऱ्या खोलीकडे घेऊन गेले. भिंतीवर काळ्या रंगातला चौदा पुसट झाला होता, पण होता. आतून रंध्याचा आवाज येत होता. लांब्या सुतार कामाला लागला होता. त्याला सगळं गाव लांब्याच म्हणतं, कारण दारातून जाताना तो नेहमी वाकतो, दार उंच असलं तरी.

"ही तुला कशी मिळाली रे?"

"काकू, मी मागितली होती गाड्यांची शेड, तेवीस नंबर. मिळाली ही. मीही म्हटलं, देणारा देतोय तर घेणाऱ्याने कशाला तोंड उघडायचं! भिंतींना चुनासुद्धा मारला बघा."

घरी येताना सूनबाई माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर तिने शाळेला दाखवायचा नमुना घडी करून कपाटात ठेवला. "महिनाअखेरपर्यंत जागा दाखवायची आहे," एवढंच म्हणाली. नंबर मी सांगितलेला. माझ्या शब्दावर तिने डोळे मिटून लिहिलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची मशीन झाकून ठेवताना माझा हात कापडाच्या काठावर गेला आणि तिथेच थांबला. छावणी उठली तेव्हा बाद झालेले पडदे आम्ही कामगारांनी घरी आणले होते; त्यातलाच हा एक. काठावर बाहेरून शिवलेली चिठ्ठी होती, चौदा. आणि काठाच्या दुमडीत, आतल्या बाजूला, माझ्याच हाताचे टाके लागत होते. मी उसवलं. आत तेवीस.

मग हळूहळू आठवलं. प्रत्येक इमारतीचे पडदे आम्हीच शिवायचो. भिंतीवरचा नंबर बाहेरून, म्हणजे कोणता पडदा कुठे टांगायचा ते कळावं. आणि भांडारप्रमुख एका चिठ्ठीवर दुसराच नंबर लिहून द्यायचा, तो आत, दुमडीत. वर्षातून एकदा मोजदाद व्हायची तेव्हा साहेब लोक टाके उसवून तो बघायचे आणि आम्ही पुन्हा शिवायचो. म्हणजे खरा, नकाशातला नंबर आतला. भिंतीवरचा बाहेरच्यांना चकवायला. का, कशाला, हे आम्ही कधी विचारलं नाही. हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं. शत्रू चकला की नाही देव जाणे, आमचं गाव मात्र सपशेल चकलं.

पडदा पिशवीत घालून मी नगरपालिकेत गेले. तिथली इंजिनिअर मुलगी तशी लहानच, माझ्या नातीच्या वयाची. तिने काठ उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि नकाशा पुढे ओढला.

"आजी, असे आणखी पडदे आहेत गावात?"

"घरोघरी. बेकरीवाल्याने तर पिठाच्या पोत्यांवर घातलेत."

चार दिवसांत तिच्या टेबलावर पडद्यांचा ढीग झाला. आम्ही दोघी उसवत बसलो. ती दोन्ही नंबर लिहून घ्यायची. अकरा जणांना चुकीची जागा गेली होती. गाड्यांची शेड नकाशात नऊ नंबर निघाली आणि ती रिकामीच होती. कुणी मागणार कसं? भिंतीवरचा नऊ शौचालयावर होता.

"पण एक अडचण आहे," ती म्हणाली. "ज्यांच्याशी करार झालाय त्यांना मी उठवू शकत नाही. सुतार स्वतःहून तयार झाले तरच."

आम्ही तिघी त्याच्याकडे गेलो. सूनबाईने सरळ विचारलं. त्याने मान हलवली.

"ताई, राग मानू नका. असा उजेड मला आयुष्यात मिळाला नाही. मी नाही हलायचो."

मी म्हटलं, "नको हलूस. तुझी एखादी बारा फुटी फळी असेल ना? ती तेवढी आत आणून ठेव, मग आम्ही जातो."

फळी बाहेर गाडीवर होती. त्याने आणि त्याच्या भावाने ती उचलली. बाहेरचं दार पार झालं. मग आतला अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला काटकोनात वळण. फळी आडवी अडली. तिरपी केली, अडली. उभी केली तर छताला टेकली. भाऊ म्हणाला, "दादा, तू वाक, फळी वाकणार नाही."

"खिडकीतून घेऊ."

"गज आहेत," सूनबाई म्हणाली.

"कापू."

"बाहेरून काही कापायचं नाही," इंजिनिअर मुलगी म्हणाली. "करारात लिहिलंय."

त्याने फळी खाली ठेवली, कोपरावरचा चुना झटकला आणि माझ्याकडे बघून हसू लागला. "काकू, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं."

"एकतीस वर्षं कापडाचे तागे त्या वळणावरून नेलेत बाबा. तागा उभा करता येतो."

तो शेड बघून आला. दोन ट्रक शेजारी शेजारी शिरतील एवढं तिचं दार. दोन्ही कवाडं उघडली की उजेडच उजेड. तरी परत आल्यावर भिंतींकडे बघत म्हणाला, "माझा चुना मात्र फुकट गेला."

"फुकट कसा? आमच्या उपयोगी आला," सूनबाई म्हणाली.

"मग माझ्या पोरीचा गणवेश आधी."

"आधी," ती म्हणाली.

महिना संपायला तीन दिवस असताना शाळेच्या बाई जागा बघून गेल्या. पुढच्या सोमवारी पाच मशीन आत आल्या. माझी मशीन तिसऱ्या खिडकीशी असायची, ती जागा मी दाखवली. सूनबाईने टेप लावून मापं घेतली आणि तिथे कापायचं टेबल ठेवलं.

"आमच्या वेळी मशीन खिडकीशी असायच्या," मी म्हटलं.

"आई, तुमच्या वेळी त्या पायांनी चालायच्या. प्लग त्या भिंतीला आहेत."

हेही खरंच होतं. मी खुर्ची ओढून बटणांचा डबा मांडीवर घेतला. चौघीजणींपैकी एकीने काळा दोरा मागितला आणि सुईत एका झटक्यात ओवला. सूनबाईने निळं कापड टेबलावर पसरलं, हाताने सपाट केलं आणि खडूने पहिली रेघ मारली.