ताप गिळणारा पेला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर बाबा दोन पेल्यांत गरम पाणी ओतत होता, एकात किटलीतलं साधं, दुसऱ्यात स्वतःच्या सुरईतलं. आजारी माणसाने सुरईच्या पाण्यावर फुंकर घातली की बाबा त्यात पुडीतली मंतरलेली चिमूट टाकून चमचा फिरवी, आणि बघता बघता पाणी पाकासारखं दाट होई. अर्ध्या तासाने साधं पाणी निवलेलं असे, दाट पाणी मात्र मध्यभागी गरमच. "हा तुमचा ताप. मी कोंडून ठेवलाय," बाबा म्हणे, आणि शिकलेसवरलेले लोकही माना डोलावत.

गर्दीत उभ्या असलेल्या थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या धाकट्या बहिणीला क्षय होता. गेल्या आठवड्यात याच बाबाने तिचा ताप "कोंडला", आणि सहा महिन्यांच्या गोळ्या तिने दोन महिन्यांतच सोडल्या. खोकला परत सुरू झाला होता, तरी बया आजही पहिल्या रांगेत होती.

थोरली बारा वर्षं पातळ साबणाच्या कारखान्यात टाकी ढवळत होती. धाकटीने घरी सगळं रंगवून सांगितलं तेव्हाच तिला संशय आला होता. आता बाबाचा हात पाहून खात्रीच पटली. इतकं जपून ढवळतो तो साबणवालाच, फेस येऊ नये म्हणून.

ती तडक मंचावर चढली. शिष्य आडवे आले, मागून कोणी शिव्या घातल्या, पण तिने दाट पेला उचलून घरून पर्समध्ये आणलेलं मूठभर मीठ त्यात टाकलं आणि खसाखसा ढवळलं. दाट पाणी पुन्हा पातळ झालं आणि फेस काठावरून ओघळून बाबाच्या पायांवर आला.

"पापी हात लागला," बाबा गरजला.

"साबणाच्या पाण्यात थोडं मीठ घातलं की ते घट्ट होतं, जास्त झालं की पातळ. आमच्याकडे नवा माणूस पहिल्याच आठवड्यात ही चूक करतो," थोरली म्हणाली. "घट्ट पाणी आतल्या आत फिरत नाही, म्हणून मधली ऊब बाहेर यायला वेळ लागतो. आमची टाकीसुद्धा दुपारपर्यंत निवत नाही. मग टाकीलाही क्षय झालाय का?"

बाबा पुडी खिशात कोंबू लागला. धाकटीने उठून ती हिसकावली आणि बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठच आहे," ती म्हणाली.

तपासायची वेळ आली की ज्याची वस्तू खिशात पळते, त्याच्या हाती आपलं आजारी माणूस देऊ नका, एवढंच थोरलीने लोकांना सांगितलं. बरेच जण तरीही तिच्याकडेच रागाने बघत होते.

धाकटी तिच्याजवळ आली. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत तिला बोलता येईना.

"ताई, आठवडाभर गोळ्या चुकल्यात," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे आत्ताच चल."