बाभळीची खुंटी

मित्रांनो, आज मला पुढचं चाक नाही. अकोल्याकडच्या मालेगावात, चंपत मिस्त्रीच्या गॅरेजात दोन विटांवर नाक टेकून मी उभी आहे. मी आहे म्हातारी मोटारसायकल, आणि मला उभं राहणं सोसत नाही. बाहेर जयंतीच्या रॅलीचे ढोल वाजू लागलेत. दरवर्षी निळा झेंडा लावून सगळ्यांच्या पुढे मीच असते!

चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यातून आले तेव्हा पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या माझ्या दोन्ही शॉकपांचे पाइप आरशासारखे होते. खड्डा मी गिळायची, बसणाऱ्याला कळू द्यायची नाही. जानराव गुरुजी रोज मला किन्हीराजाच्या शाळेत न्यायचे. फार कौतुक झालं माझं. पण कौतुक कशाचं, तर टाकीचं! गुरुजी टाकी रोज पुसत. शॉकपातून तेल गळू लागलं, तर तिथे फडकं बांधून मोकळे झाले. गळत्या जखमेवर फडकं बांधून इलाज झाला म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. मास्तरही त्यांतलाच निघाला, याचा मला राग आहे.

यंदा मला त्यांची नात मंजुषा चालवणार होती, गुरुजी मागे बसणार होते. काल सकाळी तिने ब्रेक दाबून पाहिला. माझं तोंड धाडकन खाली गेलं, ते वर येईचना. तिने मला थेट इथे आणलं. मागोमाग तणतणत गुरुजी.

"कायले खोलून राह्यला रे चंपत? पुसून दे न् सोड."

"गुरुजी, हिचा जीव चालला, अन् तुमी पुसाचं सांगून राह्यले?"

चंपतने शॉकप उलटा केला. तेलाऐवजी काळा चिखल पडला. मग स्प्रिंगवरची लाकडाची खुंटी घरंगळली. दुसऱ्यातूनही तशीच.

"बाभयीची! कोन्या गाढवानं ठोकली हे?" चंपत हसत सुटला.

गुरुजी म्हणाले, "म्याच. स्प्रिंग बसली होती. दोन दिवसासाठी टाकली."

"कवा?"

"मंजुषा चार वर्साची होती तवा."

मंजुषाचा हात हनुवटीवर गेला. तिथे जुना व्रण आहे. त्याच वर्षी ती माझ्या टाकीवर बसली होती. गुरुजींनी ब्रेक मारला आणि तिची हनुवटी हँडलवर आपटली. कुत्रं आडवं आलं, असं गुरुजी सोळा वर्षं गावभर सांगत आले. त्या रस्त्यावर कुत्रं नव्हतं, मित्रांनो. खुंटी अडकून माझं तोंड धाडकन खाली गेलं होतं. मला वाचा असती तर तेव्हाच ओरडले असते.

"आबा, ते कुत्रं?" मंजुषाने विचारलं.

गुरुजींनी खुंटी हातात घेऊन फिरवली.

"कुत्रं नोतं, पोरी."

चंपत हसायचा थांबला. म्हणाला, "नुसतं सील टाकून देतो. उद्याच्या रॅलीपुरती चालन. पाइप गंजले, नवे पाइप न् स्प्रिंगा अकोल्यावरून परवा येतीन."

"रॅलीपुरती नको," गुरुजी म्हणाले. "पाइप न् स्प्रिंगा नव्या टाक. तोवर हिले हात लावू देऊ नको कोनाले. मलेबी." त्यांनी माझ्या हँडलला रॅलीसाठी बांधलेला झेंडा सोडला आणि मंजुषाच्या हातात दिला.

ही बघा, रॅली आली. सर्वांत पुढे मंजुषा, खांद्यावर झेंडा. शेजारी गुरुजी पायी, घामाघूम. माझं इंजिन तडफडतंय, पण मी विटांवर आहे, आणि बरंच आहे.

पोरांनो, चकचकीत टाकीला भुलू नका. हँडल धरा, जोर लावून दाबा, तोंड वर येतं का बघा. नाही आलं, तर घरातल्या मोठ्या माणसाला तोंडावर विचारा, आत काय ठोकून ठेवलंय म्हणून.