उंचावरचा पाव

शिशिर सरत आला असता, एका गुरुवारी सकाळी दहा वाजता, परराज्यातील एका उंच पठारावर वसलेल्या शहरात, बाजाराच्या मागील गल्लीतील बेकरीच्या दारात माझी पत्नी धुतलेला ॲप्रन बांधून उभी राहिली. ॲप्रनची गाठ तिने सोडून पुन्हा बांधली. ती अस्वस्थ होती, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील तर तो चूक ठरणार नाही. मात्र ती अस्वस्थता त्या गाठीपलीकडे कोठेही दिसली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

त्या शहरी माझी बदली व्हायची होती. पद वरचे होते, होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा होता, आणि तो होकार आमच्या घरातच अडून बसला होता. पत्नी आमच्या गावातील एका मोठ्या बेकरीत मुख्य कारागीर होती. सरकत्या पट्ट्यांवर आपोआप तयार होणारा पाव नव्हे. हाताने मळलेला, साच्यात फुगवलेला आणि भट्टीत भाजलेला पाव.

"बदली तुमची झालीय," तिने पहिल्याच दिवशी बजावले. "मी काही तुमच्या बदलीचं सामान नाही, दोरीनं बांधून टेम्पोत टाकायला. आधी मला तिथं काम मिळू दे, मग बोचकी बांधू."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर तुम्ही तिकडे साहेब व्हा नि सुट्टीला घरी या. मी इथं आहेच."

या युक्तिवादात फट शोधण्याचा मी मनापासून प्रयत्न केला. ती सापडली नाही.

मग तिने त्या शहरातील बेकऱ्यांना एकामागून एक फोन लावले. संभाषण ठरलेल्या वळणानेच जाई. कामाची चौकशी होई, पलीकडच्या आवाजात आस्था येई, मग "राहता कुठं?" असा प्रश्न येई, आणि आमच्या गावाचे नाव ऐकताच "कळवतो" म्हणून फोन ठेवला जाई. कळवले कोणीच नाही.

माझी थोरली बहीण त्याच शहरात राहते. आक्काने तोडगा सुचवला, "अगं, माझा पत्ता सांग की! नणंदेचं घर ते तुझंच घर. कोण बघायला येतंय?"

"आणि उद्या सकाळी या म्हणाले तर, आक्का? उडत येऊ?"

"ताप आलाय म्हण."

"कामाला लागायच्या आधीच ताप? मग माझ्या हातचा पाव कोण खाईल?"

तिने कोणालाही खोटा पत्ता दिला नाही. अखेरीस एकाच माणसाने फोन लगेच ठेवला नाही. तो या बेकरीचा मुख्य भट्टीवाला. त्याला सगळे मेजर म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध मिशांपुरताच होता.

"बाहेरची माणसं मी घेत नाही, बाई," तो म्हणाला. "ती कामचुकार असतात असं नाही. पण त्यांच्या हातांना त्यांच्या गावाची सवय असते. इथं पाव बिघडला की हवेला शिव्या देतात, आणि महिन्याभरात गाशा गुंडाळतात."

"हात माझे आहेत. मी सांगीन तसे वागतील."

मेजर म्हणाला, "बघू. गुरुवारी एक पाळी करून दाखवा. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला तुमच्याच हातचा पाव जाईल. नाही जमला तर आल्या वाटेनं परत."

बुधवारी आम्ही बसने निघालो. पत्नीने आपले आंबवण काचेच्या बरणीत घालून, झाकण घट्ट आवळून माझ्या मांडीवर दिले. आंबवण म्हणजे पीठ फुगवण्यासाठी वर्षानुवर्षे जपलेला आंबट, जिवंत गोळा. घाट निम्मा चढून झाला आणि फटकन झाकण उडाले. माझी पँट चिकट, आंबट झाली. पुढच्या बाकावरच्या बाईंनी दचकून मागे पाहिले.

"काय फुटलं हो?"

"काही नाही," पत्नी म्हणाली. "आमचं आंबवण. यांच्यासारखंच आहे, वर चढलं की फुगतं."

अर्धी बस हसली. मीही हसलो, कारण विनोद उत्तम होता. बरणीत पुरेसे आंबवण उरले होते.

गुरुवारी मी आणि आक्का बेकरीच्या पुढच्या भागात, काचेच्या पार्टिशनलगत बसलो. आत पत्नीने पीठ मोजले, आंबवण घातले, मळायला घेतले. मळताना तिचे खांदे हलत नाहीत. सारे बळ मनगटातून तळव्यात उतरते. ते पाहून कामगारांपैकी दोघे आपले काम विसरले आणि मेजरने त्यांना खाकरून भानावर आणले. गोळे साच्यांत गेले. ती घड्याळाकडे पाहत उभी राहिली. आमच्या गावी जितका वेळ लागतो तितका वेळ ती इथेही थांबली. साचे भट्टीत गेले आणि बाहेर आले.

प्रत्येक पाव मधोमध खचला होता.

मेजरने एक उचलला, बोटाने दाबला आणि खाली ठेवला. "बसला," एवढेच तो म्हणाला.

आक्का काचेच्या दारातून आत डोकावली. "भट्टी जुनी आहे म्हण," ती कुजबुजली. "दिसतेच आहे की!"

खरे सांगायचे तर माझ्याही जिभेवर तीन मुद्दे तयार होते: अनोळखी पीठ, अनोळखी भट्टी, प्रवासाचा शीण. तिन्ही मुद्दे कोणत्याही सभेत टिकले असते. पत्नीने त्यांतील एकही वापरला नाही.

"भट्टीचा दोष नाही," ती मेजरकडे वळून म्हणाली. "पीठही चांगलं आहे. चुकले मी. येताना गावचं घड्याळ घेऊन आले."

"हवेला शिव्या नाही दिल्यात?"

"हवेनं बिचारीनं कालच सांगितलं होतं. घाटात बरणीचं झाकण उडवलं. यांची पँट भिजली, पण माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. इथं हवा विरळ. पीठ लवकर फुगतं आणि जास्त वेळ ठेवलं की बसतं. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला अजून अवकाश आहे. पुन्हा करू?"

मेजरने मिशीवरून बोट फिरवले आणि पिठाच्या पोत्याकडे मान हलवली.

पाव खचला यात अभिमान वाटण्याजोगे काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हातचे काम बिघडल्यावर दोष स्वतःहून आपल्या नावावर घेणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. आणि त्यांपैकी एकीशी माझे लग्न झाले आहे.

दुसऱ्या खेपेला तिने आंबवण कमी घातले, पाणी किंचित वाढवले आणि घड्याळाकडे पाठ केली. दर थोड्या वेळाने ती फडके उचलून गोळ्यावर बोट टेकवी आणि उमटलेला खळगा कसा भरून येतो ते पाही. पहिल्या दोन वेळा तिने नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या वेळी, गोळे साच्याच्या काठाला लागण्यापूर्वीच, ती म्हणाली, "आता." मेजरने स्वतः भट्टीचे दार उघडले.

पाव बाहेर आले तेव्हा काउंटरपुढे गिऱ्हाइके जमू लागली होती. माथे गोल, तांबूस; कडा उभ्या. मेजरने एक पाव निवू दिला, कापला, फोड उजेडासमोर धरली, मग नुसतीच तोंडात टाकली आणि सावकाश चावली. आक्काने माझे मनगट इतके आवळले की बोटे बधिर झाली.

"त्या पहिल्या खेपेचं काय करायचं?" गिळून झाल्यावर मेजरने विचारले.

"ती मी नेते. यांना नाश्त्याला होईल आठवडाभर."

मेजर हसला नाही. त्याने उरलेला पाव काउंटरवर विक्रीसाठी मांडलेल्या रांगेशेजारी ठेवला आणि हात पुसले.

"पाव चांगला आहे. हात शिकतात. एक तारखेपासून या."