बांबूच्या खेळाचं गाऱ्हाणं

मी एक जुना पट आहे, सोंगट्या-फाशांचा. पण सुट्टीत मांडून बसायचा नव्हे हं! मित्रांनो, मी चक्क नोकरीवर आहे. आमच्या कारखान्यात बांबूच्या फळ्या बनतात. नवी माणसं कामाला लागली की पहिल्या आठवड्यात त्यांना माझ्याभोवती बसवतात. खऱ्या मशीनला हात लावण्याआधी त्यांनी माझ्यावर कारखाना चालवून बघायचा!

मला श्रीहरीभाऊंनी घडवलं. नव्या लोकांना शिकवायचं काम त्यांचंच. प्लायवूडवर त्यांनी जंगल, मशीन, गोदाम असं सगळं रंगवलं. जंगलात भोकं पाडून बांबूच्या बारीक कांड्या रोवल्या. पिकलेला बांबू पिवळा, कोवळा हिरवा. दोन संघ, बारा डाव, म्हणजे बारा महिने. ज्याच्या फळ्या जास्त तो जिंकला. काय आरडाओरडा व्हायचा म्हणून सांगू! एका इंजिनिअरनं तर हरता हरता माझा फासा चावला. दाताची खूण अजून आहे.

खेळाआधी भाऊ दर वेळी म्हणायचे, "पोट्टेहो, इथी पोटभर चुका. गुणाचा कागद मी तुमच्यासमोर फाडतो. इथली चूक या खोलीबाहेर जात नाई." आणि खरंच फाडायचे, टर्रकन! मग लोक बिनधास्त चुकायचे, हसायचे, शिकायचे. मोठे साहेबसुद्धा मला बघून "वा!" म्हणाले होते. मी तर फुगून पुरी झालो होतो.

गेल्या उन्हाळ्यात सहा जण आले. त्यांत कुरखेड्याकडची रंजीता होती. तिचे बाबा जंगलात बांबू तोडायला जातात. घरातली ही पहिलीच नोकरी. ती टिकवायची म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

त्या दिवशी सकाळी साहेब आले. भाऊंना हळूच म्हणाले, "श्रीहरी, सहातले पाचच ठेवायचेत. आजचा गुणांचा कागद मला हवा."

भाऊंनी माझ्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "हो साहेब."

मला वाटलं, वरवर म्हणाले असतील. माझा बापच तो!

खेळ सुरू झाला. भाऊंनी नेहमीचं वाक्यही म्हटलं. रंजीताकडे तिच्या संघाचं जंगल सांभाळायचं काम होतं. सहाव्या डावात पिवळे बांबू संपले आणि मशीन उपाशी!

"हिरवे तोड ना!" तिच्याच संघातला ऊर्जानगरचा विक्की ओरडला.

"नाई तोडत. वर्षाचा बी नाई झाला तो. आत्ता तोडला तं पुढच्या साली रांजीत काय राहीन?"

रांजी म्हणजे बांबूचं बेट. तिच्या गावात रांजीतल्या कोवळ्या बांबूला कोणी कोयता लावत नाही.

"अवो बाई, प्लायवूडमंधी रोवला हाय तो! याले का कोंब फुटते?"

सगळे खो खो हसले. तीही हसली, पण हिरव्या कांडीला तिनं हात लावला नाही. मशीन दोन डाव बंद राहिलं. संघ हरला.

"माह्यामुळं हरलो. लिहा भाऊ, बिनधास्त लिहा!" ती म्हणाली.

भाऊंनी लिहिलं, "मशीन बंद पाडलं. संघाचं ऐकत नाही."

मग त्यांनी कागद फाडला. टर्रकन! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. कारण मला जवळून दिसलं होतं, तो कागद कोरा होता. लिहिलेला त्यांच्या खिशात होता.

तिसऱ्या दिवशी रंजीता ओळखपत्र परत द्यायला आली.

"भाऊ, कागद तं फाडला होता ना तुम्ही?"

भाऊ माझ्या सोंगट्या उगाच ओळीनं लावत राहिले. "साहेबाचं काम असते, बाई. माह्या हाती काय हाय?"

"कागद तं तुमच्याच हाती होता," ती म्हणाली आणि गेली.

मला इतकी लाज वाटली! बारा डावांनंतर मी संपतो. पुढचं वर्ष भाऊंनी माझ्यावर काढलंच नव्हतं. मग ती बरोबर होती हे दिसणार तरी कुठे?

परवा पुन्हा नवी माणसं आली, रंजीताची गोष्ट ऐकूनच. भाऊ म्हणाले, "पोटभर चुका." कोणी हसलं नाही. चौथ्या डावातच सगळ्यांनी हिरव्या कांड्या उपटून टाकल्या. जंगलात नुसती भोकं उरली. सगळ्यांची नजर भाऊंच्या पेनावर होती, माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.

मित्रांनो, माझा रंग उडाला तर नवा लावता येतो, फासा हरवला तर दुसरा मिळतो. एवढंच मागतो, कोणाला खेळायला बोलवाल तेव्हा खेळायलाच बोलवा. परीक्षा घ्यायची असेल तर तसं तोंडावर सांगा. रंजीता परीक्षेलाही बसली असती.