खालचा हात

"धरशील ना रे?"

फांदीच्या टोकावरून ताईचा आवाज यायचा. आधी आवाज, मग पानांची सळसळ, मग अंगावर येऊन आदळणारी ताई. तो खाली दोन्ही हात पसरून उभा. तिच्याहून लहान, हातांच्या नुसत्या काड्या, तरी छाती फुगवून ओरडायचा, "धरतो ना! ये तू!" आणि ती यायची. दोघंही मातीत लोळायची, कोपरं सोलून निघायची. धरलं असं खरं तर एकदाही म्हणता आलं नसतं. पण ताईनं तशी तक्रार कधी केली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फांदीवर, पुन्हा तिचं तिनंच जुळवलेलं गाणं :

फांदी हलते हलू दे, वारा सुटतो सुटू दे
खाली उभा माझा भाऊ, मला वरती जाऊ दे

शिडीवर उभ्या असलेल्या मामाला आज सकाळपासून ताईचा तो लहानपणीचा आवाज ऐकू येत होता. त्यात मध्येच खाली धप्प झालं. मामानं वाकून पाहिलं. गादीवर पाना पडला होता. उजव्या हाताकडे पाहिलं तर बोटं अजून पाना धरल्यासारखी वळलेली, आणि मूठ रिकामी. पाना सुटल्याची बातमी हाताला कानांकडून कळली होती.

"काय मामा, सकाळी सकाळी हत्यारं टाकलीत?" खालून मॅनेजर हसला.

"तुझं डोकं कुठं आहे ते बघत होतो," मामा म्हणाला. "नेम चुकला."

मॅनेजर आणखी हसला आणि पाना उचलून वर देत म्हणाला, "डोकं फोडा, पण हात सांभाळा. तुमच्या हातावर आख्खं दुकान चाललंय."

मामानं पाना डाव्या हातानं घेतला.

ते एक जुनं गोदाम होतं. कधी काळी तिथं कापसाच्या गाठींची थप्पी छतापर्यंत लागायची. आता छतापर्यंत भिंत गेली होती, खडकासारखी फुगलेली, मध्येच पोट पुढे काढलेली, अंगभर हातापायांनी धरायच्या रंगीबेरंगी पकडी ठोकलेली. लोक कमरेला पट्टे बांधून यायचे, हातांना खडूची पूड चोळायचे आणि ती भिंत चढायला शिकायचे. मामानं त्या पकडी काढायच्या, धुवायच्या, नव्या वाटा रचून पुन्हा बसवायच्या. पण हे झालं वरकड काम. त्याचं खरं काम दोर धरायचं.

चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वर छताच्या कडीतून फिरून खाली येतो आणि खाली उभ्या माणसाच्या पट्ट्यातल्या कडीतून जातो. वरचा पडला, की खालची कडी अर्धं ओझं पेलते. उरलेलं अर्धं पेलतो खालच्या माणसाचा खालचा हात, कडीच्या खाली दोर आवळून धरणारा. दुसरा हात खाजवायला, घाम पुसायला, टाळी द्यायला मोकळा. खालचा हात मात्र दोरावरून हलायचा नाही. आणि गोदामात मामानंच घालून दिलेला एक रिवाज होता. चढणाऱ्यानं भिंतीला हात लावून विचारायचं, "धरलंय?" खालच्यानं सांगायचं, "धरलंय." हे उत्तर कानावर पडेपर्यंत पाय जमिनीवरून उचलायचा नाही. मोठमोठे अधिकारी, डॉक्टर, दाढीवाले बाप्ये त्या भिंतीपुढे उभे राहून पोरासारखे विचारायचे, "मामा, धरलंय?"

मामा तो फक्त एकीचा. पण तिनं मारलेली हाक सगळ्या गोदामाला चिकटली.

ताई गेली तेव्हा तिची मुलगी अकरा वर्षांची होती. मामानं तिला घरी आणलं. मामीनं तिची वेणी घातली, अंथरूण आपल्याजवळ केलं. पोरगी सांगितलेलं सगळं ऐकायची, ताट पुसून जेवायची, पण बोलायची नाही. हो नाही, नको नाही. शाळेतून निरोप यायचे. मामी पदर डोळ्यांना लावून म्हणायची, "अहो, हिचा आवाज ताईंबरोबर गेला की काय?" एके दिवशी मामी घरी नव्हती, पोरगी एकटी कशी ठेवायची म्हणून मामानं तिला गोदामात नेलं. ती कोपऱ्यात बसून भिंतीकडे पाहत राहिली. संध्याकाळी मामानं काही न बोलता तिच्या कमरेला पट्टा बांधला, गाठ मारली, आपण दोर घेतला. ती भिंतीपाशी गेली. हात लावला. पाय उचलणार तोच मामा म्हणाला, "विचारल्याशिवाय नाही जायचं."

ती उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. गोदाम रिकामं झालं, मॅनेजरनं किल्ल्या वाजवल्या, तरी मामा हलला नाही. आणि मग गंजलेली कडी ओढावी तसा आवाज आला, "मामा... धरलंय?"

मामानं दोर ताणून घेतला. मग तो म्हणाला, "धरलंय. जा."

ती खारीसारखी सरसर गेली. त्या दिवसापासून ती खारू झाली आणि त्या दिवसापासून तिचं तोंड जे सुरू झालं ते बंद व्हायचं नाव घेईना. ती भिंतीशी भांडली, भिंतीवर रडली, भिंतीवरून शिव्याही शिकली. वरच्या पोटाखालून हात सुटायचा, दोराला लोंबकळत ती ओरडायची, "मामा, ही भिंत माझ्यावर खार खाऊन आहे!" आणि मामा खालून म्हणायचा, "तूही तिच्यावर खा. पुन्हा चढ." मामाला तिच्याकडे बघावंही लागत नसे. दोर तळहाताला सगळं सांगायचा. ती घाबरली की दोर बारीक थरथरायचा, थकली की जड व्हायचा, आणि पुढची पकड दिसली की उडी घेण्याआधी क्षणभर एकदम हलका. आईविना झालेली पोर मामानं तळहातावर वाढवली म्हटलं, तर ते शब्दशः खरं होतं.

मध्ये एकदा मामा आजारी असताना दुसऱ्या कुणीतरी तिचा दोर धरला. धरणाऱ्याचं लक्ष फोनमध्ये. खारू पडली, घोटा मोडला. हाड जुळलं, पण मग तिनं स्वच्छ सांगून टाकलं, "मामाचा दोर असेल तर चढेन. नाहीतर भिंतीचं तोंड बघणार नाही."

"आणि मी मेल्यावर?" मामानं चेष्टेत विचारलं होतं.

"तेव्हा मी म्हातारी असेन. म्हाताऱ्या चढतात कशाला?"

आणि आता तळहात गप्प झाला होता. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग कप निसटू लागले. डॉक्टरांनी सुई टोचून विचारलं, "कळतंय?" मामा दुसरीकडे बघत म्हणाला, "टोचलीत की सांगतो." डॉक्टरांनी बोटाकडे खूण केली. मामानं वळून पाहिलं तर सुई बोटात होती. मानेतल्या शिरांचं दुखणं, म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही.

घरी मामीला सांगितलं. खारूला नाही. आज सांगू, उद्या सांगू. मोठ्या मोहिमेसाठी तिची निवड चाचणी तोंडावर आली होती. खऱ्या कड्यावर जाणाऱ्या संघात तिला जागा मिळणार होती. इतकी वर्षं त्या एका गोष्टीकडे चढत आलेल्या पोरीच्या पायाखालची पकड आपणच कशी काढायची? दुसऱ्या कुणाच्या दोरावर ती चढणार नाही. चढलीच नाही, तर पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसेल. मामा रात्रंदिवस स्वतःला समजावत होता, की आपला हात सवयीनंच काम करतो, त्याला कळायची काय गरज आहे?

मागच्या आठवड्यात सरावात खारू वरच्या पोटावरून सुटली. मामाला दोर ताणलेला दिसला, कमरेला हिसका बसला, बस्स. ती नेहमीपेक्षा बरीच खाली येऊन थांबली आणि हवेत झोके घेत खिदळली, "काय मामा, आज पाळणाच दिलास! एवढं अलगद कुणी धरत नाही हं!"

मामा हसला. हसून मूठ खिशात घातली. घरी मामीनं ती उघडली तर तळहाताची साल निघालेली. दोर त्यातून हातभर पळाला होता. धरणाऱ्याला पत्ताही नव्हता.

मामीनं त्यावर हळद दाबली, तीही त्याला झोंबली नाही.

आज सकाळी तिनं त्याच्या शर्टाची बटणं लावली. खालून वर, एकेक. वरच्या बटणापाशी थांबून म्हणाली, "आज तरी सांगणार का?"

"चाचणी होऊ दे."

"आणि चाचणीतच ती सुटली तर?"

"नाही सुटणार. तिनं ती वाट पाठ केलीये."

"अहो, मी सुटण्याचं विचारलं. पाठ करण्याचं नाही." मामीनं कॉलर नीट केली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "ताईंची एकच खूण आहे आपल्याकडे. मी तिला काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं नाही, तर ती कुणाचंच खरं मानायची नाही."

मामा चपला शोधू लागला. मामीनं डबा भरला. डबा पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या डाव्या खांद्याला अडकवली.

दुपारी गोदाम भरलं. निवड करणारी दोन माणसं खुर्च्या टाकून बसली. आधीची पोरं चढली, काही पडली, टाळ्या झाल्या. मामा भिंतीला टेकून उजवी मूठ उघडत होता, मिटत होता. उघडली तरी तेच, मिटली तरी तेच. दुसऱ्याचा हात आपल्या बाहीतून बाहेर आल्यासारखा.

खारू आली. केस घट्ट बांधलेले, कमरेला जुनाच पट्टा. तिनं मामाची कडी हलवून पाहिली, आपली गाठ त्याच्यापुढे केली. "बघ रे."

एरवी मामा गाठ डोळे मिटून चाचपायचा. आज वाकून, डोळे बारीक करून, दोराचा एकेक वळसा पाहत राहिला.

"चष्मा लागला का काय तुला?" खारू हसली. मग हळूच म्हणाली, "मामा, रात्री आई स्वप्नात आली होती. नुसती झाडावर बसली होती. खाली कोण उभं होतं ते दिसलंच नाही."

मामा म्हणाला, "गाठ बरोबर आहे."

ती भिंतीपाशी गेली. हातांची पूड झटकली. पूड उन्हाच्या तिरिपीत तरंगत राहिली. मामानं दोर खालच्या, उजव्या हातात घेतला. घेतला हे डोळ्यांनी पाहिलं. पांढऱ्या दोरावर चार बोटं, वर अंगठा, सगळं जिथल्या तिथं. बघणाऱ्याला वाटावं, काय भक्कम हात आहे.

खारूनं पहिल्या पकडीवर बोटं रोवली. एक पाय भिंतीच्या बुंध्याला टेकवला, दुसरा अजून जमिनीवर. मान न वळवता विचारलं, "धरलंय?"

निवड करणाऱ्यांपैकी एकानं पेनचं टोपण काढलं. मॅनेजरनं सगळ्यांना गप्प राहण्याची खूण केली.

उत्तर नव्हतं, म्हणून ती तशीच उभी राहिली. घाई नाही, शंका नाही. लहानपणी शिकवलं होतं तशी, सांगितल्याशिवाय पाय न उचलणारी. तिच्या मानेवर बारीक केस घामानं चिकटले होते. ताईच्या मानेवर चिकटायचे तसेच.

"मामा? धरलंय ना?"

मामा दोराकडे पाहत होता. मग त्यानं दोराकडे पाहणं सोडलं.

"नाही," तो म्हणाला.

भिंतीला टेकलेला पाय सावकाश खाली आला. खारू वळली. तिच्या चेहऱ्यावर अजून हसूच होतं, चेष्टा कळेपर्यंत वाट पाहणारं.

"नाही धरलेलं, खारू. मला कळतच नाही गं, हातात दोर आहे का नाही."