ओळखीचा

माप

चावी फिरवली की गाडी सुरू व्हायच्या आधी मागच्या सीटखालून एक बारीक गुणगुण येते. टाकीतला पंप पेट्रोल ओढायला लागतो, त्याची. त्या सकाळी त्याने चावी फिरवली, कान टवकारले आणि मागून काही म्हणजे काही आलं नाही.

बायको गेल्यापासून गाडी उभीच होती. दोन दारांची, छत मागे घडी होऊन बसणारी. आता भाड्याचं गॅरेज त्याच्या मालकाला परत द्यायचं होतं आणि संध्याकाळी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता.

"बाबा, एकच सांगते," मुलगी फोनवर म्हणाली. "ती स्वतःच्या चाकांवर माझ्या दारात आली तर राहू दे, मी जागा करते. ढकलत आणणार असाल तर नको."

"येईल."

"पंप बदलायला अख्खी टाकी खाली उतरवावी लागते म्हणे. तुमच्या या कमरेनं?"

"टाकी कशाला उतरवू? वरून भोक पाडतो."

"गाडीला?"

"मग काय तुला?"

ती हसली नाही. "आई असती तर..."

"आई असती तर तिनं तिच्या ओळखीच्याला बोलावलं असतं," तो म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला.

ओळखीचा

हा कोण, ते आधी सांगायला हवं.

गाडीवाला स्वतः जन्मभर ट्रकवर. लांब पल्ला, घरी पाहुण्यासारखा. बायको शिवणकाम करायची: पडदे, उशा, सीटकव्हरं. या गाडीचं फाटलेलं छतसुद्धा तिनेच नव्याने शिवलं होतं. ते चालेल, कापड तुझं. पण यंत्राला हात लावायचा नाही, बिघडलं तर मी आल्यावर बघू, अशी त्याची ताकीद होती.

एकदा दूरच्या कुठल्याशा पेट्रोल पंपावरून त्याने घरी फोन केला.

"गाडी बंद पडली होती. पंप गेला होता," ती म्हणाली. "झाली आता नीट."

"कुणी केली?"

"आहे एक ओळखीचा."

एवढंच. पण एवढं पुरतं. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला विचार करायला वेळच वेळ असतो. त्याने ओळखीच्याला उंची दिली. दाट केस दिले. मेकॅनिक असूनही स्वच्छ नखं दिली. पुढे पुढे त्याला विनोदही सांगता यायला लागले, आणि ती हसायची. विचारावं असं शंभरदा ओठांवर आलं, पण विचारलं की उत्तर मिळतं, ही भीती. तिला शेवटचं पोचवायला आलेल्या माणसांतही तो एकेकाची नखं बघत उभा होता.

नंतर घरात दोघेच उरले. तो आणि ओळखीचा. एकटं जेवताना कुणावर तरी चिडायला मिळतं, हेही काही कमी नाही.

काप

बॅटरीची तार काढली. गॅरेजचं दार सताड उघडलं. मागची सीट उचलून बाहेर ठेवली, तळाला चिकटवलेला गालिचा उजवीकडून अर्धा सोलला. फोनवर पाहिलेल्या व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं: सीटच्या कडेपासून वीतभर आत, तिथे पंप. त्याने कडेला फीत लावली, खडूने चौकोन आखला.

खाली पेट्रोल, त्यामुळे ग्राइंडरची ठिणगी नको. हाताने फिरवायच्या ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं, म्हणजे पत्र्याचा कीस त्यात अडकेल, मग एक भोक पाडलं आणि पत्रा कापायची कात्री आत घातली.

करर्र. थांब. करर्र.

गुडघे बोलायला लागले. कोपऱ्यावर कात्री वळेना, म्हणून त्याने कोपरे कचाकचा तोडले. तुकडा वाकवून वर काढला, टॉर्च मारून आत पाहिलं.

टाकी. नुसती काळी, गुळगुळीत टाकी. पंप नाही, तार नाही, नळी नाही.

"अरे गाढवा," तो म्हणाला. आसपास दुसरं कुणी नसल्याने हे कुणाला म्हटलं ते उघड होतं.

माप, पुन्हा

व्हिडिओतली गाडी पक्क्या छताची होती. या गाडीत घडी झालेल्या छताला जागा द्यावी लागते, म्हणून मागची सीट अरुंद आणि एका बाजूला सरकलेली. कडाच मुळात भलत्या ठिकाणी.

छत शिवताना बायको काय म्हणाली होती? ती तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं अर्धं त्याने कधी ऐकलंच नाही. हे मात्र ऐकलं होतं. "कडेवरून माप घेऊ नये हो. कडा फसवते. मध्य धरावा."

त्याने मध्य धरला. पंप डावीकडे यायला हवा होता. डावीकडचा गालिचा सोलायला बोट घातलं तर तो निघेना. चिकटवलेला नव्हता. शिवलेला होता.

दुमड

बारीक, लपवलेला टाका. वरून दिसू नये असा. दोरा छताच्या दोऱ्याचाच, मेणाचा.

त्याने ब्लेडने एकेक टाका उसवला. खाली पत्र्याचं गोल झाकण, स्क्रूंनी आवळलेलं. ते त्याने ओळखलं. पिठाच्या मोठ्या डब्याचं झाकण. कितीतरी वर्षं तो डबा ताटलीने झाकलेला असायचा, आणि "झाकण कुठाय?" म्हटलं की ती "हरवलं" म्हणून मोकळी व्हायची.

स्क्रू काढले. झाकणाखाली छताच्या उरलेल्या कापडाची मेण चोपडलेली पट्टी, पाणी आत जाऊ नये म्हणून. त्याखाली भोक.

चौकोनी, पण कोपरे ब्लाउजचा गळा कापावा तसे गोल. छप्पर नसलेल्या गाडीचं बळ तळाच्या आडव्या पट्ट्यांत असतं. एकाही पट्टीला धक्का नव्हता, भोक बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये. कापलेली कड धारदार ठेवलेली नव्हती. ती आत दुमडून, ठोकून सपाट केली होती, म्हणजे तारेला लागणार नाही, हाताला लागणार नाही. कापडाची कड सुटू नये म्हणून दुमडतात, तशी.

पत्र्याला दुमड कोण घालतं?

कुठला मेकॅनिक घालतो? कुठला ओळखीचा, कितीही स्वच्छ नखांचा...

त्याने भोकात हात घातला आणि अंगठा त्या कडेवरून फिरवला. सगळीकडून. पुन्हा सगळीकडून.

अस्तर

मुलगी शाळेत गेल्यावर तिने हे केलं असणार. याच गुडघ्यांच्या जागी गुडघे टेकून. कात्री धरून कुणी नाही, टॉर्च धरून कुणी नाही. आणि झाल्यावर सांगायलाही कुणी नाही, कारण ज्याला सांगायचं त्याने ताकीद दिलेली.

टाका

पंप बदलणं त्यापुढे किरकोळ. लाकडी ठोकळ्याने टिचक्या मारत पंप आवळून धरणारी कडी सैल केली, जुना काढला, नवा बसवला, नळी आणि तार जोडली. तिचं झाकण तिच्या पट्टीवर ठेवून स्क्रू आवळले. प्रत्येक आपापल्या भोकात निमूट बसला. त्याच्या भोकावर त्याने कापलेला तुकडाच ठोकून बसवला. तो काही नीट बसेना. कोपरे वर.

बॅटरी जोडली. चावी फिरवली.

मागून गुणगुण आली.

तो लगेच पुढे गेला नाही. चावी अर्ध्यावर धरून ऐकत बसला. गुणगुण थांबली. त्याने चावी मागे घेतली, पुन्हा फिरवली. पुन्हा आली.

इतकी वर्षं ज्याच्यावर दात खाल्ले तो माणूस आता कुठेच नव्हता. घरी जाऊन आता चिडायचं कुणावर? जेवताना समोर कोण?

भंगारवाला आला तेव्हा इंजिन चालू होतं आणि छत उघडं.

"च्यायला, मेलेली म्हणाला होतात ना?"

"मेली होती."

"मग माझी फेरी फुकट." तो वाकून मागे डोकावला. "हे वाकडंतिकडं कुणी कापलं? आणि हे? वा! हे चांगल्या कारागिराचं काम आहे."

"वाकडं माझं. ते बायकोनं केलंय."

"काय सांगता! बाईंना म्हणावं, माझ्याकडे काम आहे."

"सांगतो," तो म्हणाला.

त्याने गाडी गॅरेजबाहेर काढली. मुलीचं घर शहराच्या पार त्या टोकाला. रस्ता खडबडीत होता. प्रत्येक खड्ड्याला मागे त्याचं झाकण खडखडत होतं. तिचं गप्प होतं.