शेवटच्या धड्यातली दोन वाक्यं

पप्पा गेल्यानंतर मिशनच्या सेक्रेटरींचा फोन आला तो धड्यांसाठी. मुसलमान वस्त्यांत कामाला जाणाऱ्या प्रचारकांना पप्पा मिशनच्या वर्गात इस्लाम शिकवत. ते धडे आता पुस्तकरूपाने निघायचे होते. शेवटचा तेवढा राहिला होता. तो पप्पांनी मला हॉस्पिटलमध्ये तोंडी सांगितला होता आणि माझ्या अक्षरात होता.

"तेवढा टाइप करून आणा," सेक्रेटरी म्हणाले. "आणि ती दोन वाक्यं, तुम्ही दफनविधीनंतर मला म्हणून दाखवलीत ती, ती आपण मागच्या कव्हरवर घेऊ."

ती वाक्यं अशी होती: 'मुसलमानाला दुःखातला देव ठाऊक नाही. म्हणून त्याला वधस्तंभ नकोसा होतो.' एवढं सांगून पप्पा "दमलो" म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. नंतर त्यांनी पाणी मागितलं, खिडकी लावून घे म्हणाले. लिहून घेण्यासारखं पुन्हा काही बोलले नाहीत. त्यामुळे ती वाक्यं मला पाठ होती. भांडी घासताना, कुलूप लावताना ती पप्पांच्या आवाजात ऐकू यायची, आणि मी ती येऊ देत होते.

टाइप करायला बसले आणि शेवटी येऊन अडले. पप्पांच्या प्रत्येक धड्याखाली 'वाचून दाखवला' असा शेरा असे. ह्याच्याखाली तो नव्हता.

वाचून दाखवायचा तो वकीलकाकांना. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, वर राहायचं आणि खाली ऑफिस. पप्पा तरुणपणी त्यांच्याकडे गेले ते त्यांना ख्रिस्ती करायलाच, काखेत पत्रकं घेऊन. वकिलांनी पत्रक उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, "ह्यात लिहिलंय की आम्ही पैगंबरांची पूजा करतो. मी कधी केली नाही, माझ्या बापाने केली नाही. तुम्ही नक्की कोणाकडे निघाला होतात?" पप्पा चिडले. तुमच्या लोकांना तरी आमचं काय कळतं, म्हणाले. परवाच एक जण मला सांगत होता की आमचे तीन देव, बाप, आई आणि मुलगा. "मग? तसं नाहीये?" वकिलांनी विचारलं. त्यांचाही आजवर तोच समज होता. त्यावर दोघंही कसे ओशाळले, हे पप्पा आम्हाला दोघांच्याही चेहऱ्यांची नक्कल करून दाखवत.

त्या दिवसापासून पप्पांनी नियम केला. ज्यांच्याबद्दल वर्गात बोलायचं, त्यांच्यातल्या एकाने तरी ते आधी ऐकून 'हो, हे आम्हीच' असं म्हटलं पाहिजे. त्यानंतर खुशाल वाद घाला. वकीलकाका डोळे मिटून ऐकत आणि खटकलं की बोट वर करत. पप्पा आधी भांडत, मग खोडत.

"काय पाद्रीबुवा, मला बाटवायचं काम कुठवर आलं?"

"पुढची तारीख पडलीय," पप्पा म्हणत.

दुसरा आपल्या बाजूला येईल ही आशा दोघांनीही सोडली नाही, आणि त्यांनी ती एकमेकांपासून लपवलीही नाही.

"एवढ्यासाठी त्यांच्याकडे कशाला जाताय?" मी फोनवर सांगितलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले. "ती तुमच्या पप्पांची पद्धत होती. आणि वकील काय म्हणणार, ते ठाऊकच आहे."

मलाही ठाऊक होतं. म्हणूनच तर मी चालढकल करत होते. काकांनी बोट वर केलं असतं तर मला पप्पांचं शेवटचं बोलणं खोडावं लागलं असतं.

शनिवारी दुपारी गेले. काका एकटेच होते. टेबलाच्या काचेखाली जुनी व्हिजिटिंग कार्डं, भिंतीभर कायद्याची जाडजूड पुस्तकं, आणि त्या सगळ्यांच्या वर, हात सहज पोचणार नाही अशा फळीवर, कापडात गुंडाळलेला त्यांचा धर्मग्रंथ.

"ये. ती खुर्ची नको, ती कुरकुरते. पप्पांची घे."

मी वाचायला लागले. ईसा, म्हणजे येशू, कुमारी मरियमेच्या पोटी जन्मले असं मुसलमान मानतात; त्यांचे चमत्कार मानतात, ते पुन्हा येतील असंही मानतात; पण ते देवाचे पुत्र नव्हेत आणि वधस्तंभावर मेलेही नाहीत, असं म्हणतात. काकांची मान हलत होती. मी शेवटची दोन वाक्यं वाचली, जमेल तितक्या सपाट आवाजात.

बोट वर गेलं.

"हे कोणाचं? सेक्रेटरीचं ना?"

"पप्पांचं. शेवटचं."

त्यांनी डोळे उघडले. बोट खाली आलं. "मग राहू दे."

"तुम्ही बोट वर केलंत."

"माशी होती."

"काका!"

"अगं, गेलेल्या माणसाची उलटतपासणी मी घेत नाही. राहू दे म्हणतोय ना? छाप. ते पान मी उलटून पुढे जाईन."

मी कागद मिटले. तेवढ्यावर उठता आलं असतं. ती सूट त्यांनी मनापासून दिली होती. तरी मी बसून राहिले.

"पप्पांनी हे तुम्हाला वाचून का दाखवलं नाही, माहीत आहे?"

"आजारी होता."

"तुम्ही रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसत होता."

"बसत होतो. आणि तो आत बोलवत नव्हता." त्यांनी पेपरवेट उगाच इकडचा तिकडे ठेवला. "मी कोणाला बोललो नाही. पण लागलं मला ते."

"त्यांचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते. नळ्या उपसून काढायचे म्हणून. ते मला म्हणाले, वकिलाला आत आणू नकोस. तो मला असा बघेल आणि म्हणेल, ह्याचा देव ह्याला टाकून गेला."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी असं म्हटलं असतं?" ते म्हणाले. "माझा मुलगा गेला तेव्हा तुझा बाप इथे, तू बसलीयस तिथेच बसून होता. धर्माचा एक शब्द काढला नाही. मीच त्याला म्हटलं, पाद्रीबुवा, अल्ला आत्ता ह्या खोलीत आहे, माझ्या श्वासाहून जवळ आहे. त्यावर तो 'हो' म्हणाला होता. आणि आता लिहितो, ठाऊक नाही!"

"त्यांना भीती वाटत होती, काका."

"वाटणारच. त्याने आत बोलवायला हवं होतं मला."

"मग वधस्तंभ का नको तुम्हाला?" मी विचारलं. ह्याचं उत्तर मी पप्पांच्या वर्गांतून कितीदा ऐकलं होतं. तरी विचारलं.

"तुला कोणी येऊन सांगितलं, तुझ्या बापाला भर चौकात कपडे उतरवून मारलं, लोक थुंकत होते, आणि वाचवू शकणारा वरून बघत होता. काय म्हणशील? आधी म्हणशील, खोटं आहे. ईसा आम्हाला इतके प्रिय आहेत. शत्रूंनी हात घालायच्या आत अल्लाने त्यांना उचलून आपल्याकडे घेतलं. त्यांची अब्रू राखली. आम्हाला ते सोसणं कळत नाही म्हणून नाही म्हणत आम्ही. त्यांच्या वाट्याला ते आलं, हे आमच्याच्याने ऐकवत नाही."

त्या शेवटच्या दिवसांत पलंगाशी उभं राहून मी दुसरं काय मागितलं होतं? पट्ट्या बांधायच्या आधी, नळ्या घालायच्या आधी कोणीतरी त्यांना अलगद उचलून न्यावं. ही श्रद्धा माझी नव्हती, आजही नाही. पण ती प्रेमातून आली आहे, हे मला तोवर कोणत्याही धड्यातून दिसलं नव्हतं.

मी पर्समधून पेन काढलं.

"नको," काका म्हणाले. "शेवटचं आहे ते त्याचं."

"ते शेवटचं आहे, खरं नाहीये. आणि ते मागच्या कव्हरवर जाणार आहे."

मी दोन्ही वाक्यं खोडली. आडवी एकच रेघ, पप्पा मारत तशी. खाली काकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "हो," म्हणाले, "हे आम्हीच." मग तोंड फिरवून कायद्याच्या पुस्तकांकडे बघत बसले.

सोमवारी सेक्रेटरींनी तो कागद दोनदा वाचला.

"ही तर त्यांची बाजू झाली."

"धडा त्यांच्याविषयीच आहे."

"तुम्ही तुमच्या पप्पांचे शब्द काढलेत. कळतंय ना तुम्हाला?"

"हो." ह्याहून जास्त बोलले असते तर तिथेच रडू आलं असतं.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद खाली ठेवला, पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. जरा वेळाने म्हणाले, "पण त्यांचं ऐकून घेतल्यावर तुमचे पप्पा भांडायचे. तुम्ही भांडलात?"

"नाही."

"मग धडा अर्धाच झाला. त्यांचं म्हणणं मी असंच ठेवतो, कव्हरचा आग्रहही सोडतो. पण पुढे आपलं म्हणणं यायला हवं. ते कोण लिहिणार? मी लिहिलं तर ते माझ्यासारखं होईल."

त्यांचं बरोबर होतं. संध्याकाळी काकांच्या ऑफिसात एक जोडपं समोर बसलेलं होतं, जमिनीच्या मोजणीचे नकाशे टेबलभर पसरलेले. मला दारात बघून काकांनी भुवया उंचावल्या.

"आता काय?"

"भांडायचंय," मी म्हणाले. "तुम्ही म्हणता त्यांना आधीच उचलून घेतलं. मी म्हणते, ते तिथेच होते, खिळ्यांवर. आणि तसं नसतं, तर पप्पांच्या त्या खोलीत मला एक दिवससुद्धा उभं राहवलं नसतं."

नकाशांपुढचे दोघे माझ्याकडे बघत राहिले. काकांनी नकाशे गोळा केले, नीट घडी घालून त्यांच्या हातात दिले.

"तुम्ही उद्या या," ते त्यांना म्हणाले. "पाद्रीबुवांची मुलगी आलीय. आम्हाला वेळ लागेल."